मिरजेच्या वऱ्हाडाच्या गाडीबद्दल आलेल्या एक-स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. फोनवर बोलणं झालंच आहे, पण इतर लोकही हे वाचतात, म्हणून इथेही लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मुलाच्या लग्नाचं वऱ्हाड बेळगावहून मिरजेला नेताना आमच्या ड्रायव्हरनं टेम्पो ट्रॅव्हलर सुसाट सोडली. संकेश्वर सोडून चिकोडीच्या रस्त्याला लागल्यावर पोलिसांनी अडवलं, अर्धा तास गेला, ड्रायव्हरनं तुमच्याकडेच पाचशे रुपये मागितले. पावती बोगस, गाडीचा स्पीड गव्हर्नर नावापुरता, आणि पुढे राग काढायला त्यानं गाडी बैलगाडीसारखी चालवली. म्हणून पूर्ण भाडं परत द्या आणि ड्रायव्हरला काढून टाका.

वेगाबद्दल वाद घालत नाही. पोलिसांच्या स्पीडगनमध्ये ताशी 76 किलोमीटर आला. गाडीच्या जीपीएसवरही तेवढाच दिसतोय. पण गव्हर्नर बोगस नाही. तो 80 वर बांधलेला असतो, म्हणजे कितीही पाय दिला तरी गाडी 80 च्या वर जात नाही, एवढंच त्याचं काम. चौपदरी हायवे संपला, दुपदरी रस्ता लागला, हे त्याला कळत नाही. ड्रायव्हर सोडून आठपेक्षा जास्त सीटच्या गाडीला केंद्र सरकारच्या 2018 च्या नोटिफिकेशनप्रमाणे चौपदरीवर 90 ची मर्यादा आहे आणि साध्या दुपदरी रस्त्यावर 60 ची. गव्हर्नर धडधाकट असूनही माणूस तिथं कायद्यात सापडतो, तो असा. त्यात हे दिवस ऊसतोडीचे. चिकोडीकडे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्याला असतात, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. तिथं 76 हा वेग मलाही मान्य नाही.

आता अर्धा तास का लागला ते. पॅसेंजरची गाडी अडवली की नुसती वेगाची पावती फाडून सोडत नाहीत. लायसन्स, परमिट, फिटनेस, इन्शुरन्स, पीयूसी सगळं बघतात, आत माणसं किती ते मोजतात. तुमच्या गाडीत दोन पोरं मांडीवर होती, त्यावरून विचारपूस झाली, हे तुम्ही लिहिलेलं नाही. कागद पूर्ण होते म्हणून काम अर्ध्या तासात उरकलं. एखादा कागद संपलेला असता तर वऱ्हाड तिथंच उतरायची वेळ येऊ शकली असती.

पावती कन्नडमध्ये आहे म्हणून बोगस होत नाही. कर्नाटकातली पावती आहे, कन्नडच असणार. तिच्यावर गाडीचा नंबर, वेळ, ठिकाण, मोजलेला वेग, मोटार वाहन कायद्याचं कलम 183 आणि 1000 रुपये असं सगळं आहे. हलक्या गाडीला या कलमात 1000 ते 2000 दंड आहे, मध्यम आणि जड गाडीला 2000 ते 4000. ‘सेटलमेंट’ झाली असा तुमचा रोख दिसतो. झाली असती तर पावतीच निघाली नसती. आमच्या ऑफिसात ती ठेवली आहे, कधीही येऊन बघा, वाचून दाखवतो.

पाचशे रुपयांचं असं की ड्रायव्हरच्या खिशात पाचशेच होते आणि फोनवरून पैसे जाईनात, रेंज नव्हती. त्यानं तुमच्याकडून उसने घेतले. संध्याकाळी तुम्हाला जे बिल पाठवलं त्यात शेवटच्या ओळीच्या वर ‘ड्रायव्हरला दिलेले 500 वजा’ असं आहे. बिल पुन्हा एकदा उघडून बघावं ही विनंती.

नंतरचा वेग. साहेब, अडवल्यानंतर त्यानं गाडी 60 च्या आत ठेवली. सकाळी तुम्हाला तो सुसाट वाटला, तासाभरानं तोच रेंगाळतोय असं वाटलं. त्या रस्त्यावर आमच्या गाडीचा खरा वेग हाच आहे. पन्नास किलोमीटरला 60 नं पन्नास मिनिटं लागतात, 76 नं चाळीस. तीही रस्ता पूर्ण मोकळा मिळाला तर, आणि तो कधी मिळतो? दहा मिनिटांसाठी अर्धा तास घालवला, असा हा हिशेब.

ड्रायव्हरला काढण्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण आम्हा गाडीवाल्यांना याचा अर्थ वेगळा लागतो. कॅमेऱ्याचं चलन गाडीच्या नंबरवर येतं, म्हणजे मालकाकडे. रस्त्यात माणूस पकडला की नोंद त्याच्या लायसन्सवर. पहिल्या वेळी दंडावर भागतं. दुसऱ्यांदा सापडला की 206 कलमाखाली लायसन्स जप्त होऊन आरटीओकडे जातं. सुप्रीम कोर्टाच्या रस्ता सुरक्षा समितीनं 2015 मध्येच राज्यांना सांगून ठेवलंय की अतिवेगाला किमान तीन महिने लायसन्स निलंबित करा. आणि तीन महिने संपले म्हणून ते आपोआप हातात येत नाही, रिफ्रेशर ट्रेनिंग पूर्ण करावं लागतं. तुमचं-आमचं लायसन्स गेलं तर आपण रिक्षानं जाऊ. त्याच्या घरची चूल त्या कार्डावर आहे. आज मी त्याला काढलं तर उद्या तो दुसऱ्या मालकाच्या गाडीवर बसेल, आणि पहिली पावती झालीय हे त्या मालकाला माहीतही नसेल. इथं मला माहीत आहे. दंड त्याच्या पगारातून कापतोय, आणि सध्या तो गावातल्या गावात, बेळगावच्या सांबरा एअरपोर्टच्या फेऱ्या मारतोय. काढणार नाही.

वेळेचंही बोलायला हवं. गाडी सहाला दारात होती. निघाली सात पाचला. हत्तरगी टोलचा फास्टॅगचा मेसेज सात पन्नासचा आहे. मुहूर्त दहा बावीसचा. लग्नघरात उशीर होतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही, पण मागून ‘जरा दाबा की ओ, अक्षता चुकतील’ हे तुमच्याच मंडळींपैकी दोघं-तिघं सारखं म्हणत होते. ड्रायव्हरनं ऐकायला नको होतं, हे खरंच. पण त्याच 183 कलमात गाडी पळवायला लावणारा मालकही येतो. वेगमर्यादा मोडल्याशिवाय पोचताच येणार नाही अशी वेळ कुणी बांधून दिली, तर ती वेळच कोर्टात त्याच्याविरुद्ध पुरावा धरली जाते. म्हणून आता मुहूर्ताच्या बुकिंगला निघायची वेळ आम्ही ठरवतो आणि पावतीवर लिहून देतो. त्यानंतरच्या उशिराची आणि पोचण्याची हमी आमच्याकडे नाही. यावर दोन गिऱ्हाइकं नाराज होऊन गेली, जाऊ देत.

पूर्ण भाडं परत मिळणार नाही. तुम्ही अक्षतांना पोचलात, रात्री सगळे सुखरूप घरी आलात. अडवल्याचा अर्धा तास बिलात धरलेला नाही, आणि मिरजेत हॉलबाहेर गाडी थांबली त्याचा वेटिंग चार्जही मी सोडतोय.

राहिलं एक. नवरा-नवरीला जोतिबाला न्यायचं बुकिंग तुमच्या धाकट्या भावांनी आमच्याकडेच केलंय. ठेवायचं असेल तर ड्रायव्हर दुसरा देतो, निघायची वेळ पहाटे साडेपाच. रद्द करायचं असेल तर गुरुवारपर्यंत फोन करा, ॲडव्हान्स त्याच दिवशी परत करतो.