जोकरच्या भरवशावर

शिडाची बोट म्हटलं की लोकांना वारा आणि डॉल्फिन आठवतात. बोटीवर आयुष्य काढणाऱ्या आम्हा मंडळींना आधी संडास आठवतो.

बोटीच्या बुडाला दोन तोट्या असतात. एक समुद्राचं पाणी आत घेते, दुसरी ऐवज बाहेर सोडते. दोन्ही उघडून बसायचं. हो, पुरुषांनीसुद्धा, हेलकाव्यात नेम धरणारा अजून जन्मायचाय. मग खटका 'ओल्या'वर, म्हणजे समुद्राचं पाणी आत घेण्यावर, करून पंपाचा दांडा हाणायचा. पाच-सहा दट्ट्यांत भांडं लख्ख दिसतं आणि पाहुणा सुटलो म्हणून उठतो. ऐवज मात्र अजून नळीतच असतो! 38 मिलिमीटरच्या नळीत मीटरमागे 1.1 लिटर मावतं, आणि नळी तीन मीटर तरी असते. तेव्हा वीस दट्टे, मोजून. शेवटी दोन्ही तोट्या बंद.

नळी आधी वर चढते, मग उलट्या यूसारखी खाली वळते. हा माथा बाहेरच्या पाण्याच्या पातळीच्या वर हवा, नाहीतर सायफन लागून समुद्र भांड्यावाटे आत येतो. माथ्यावर हवा आत घेऊन सायफन तोडणारी झडप असते, ती मिठाने चिकटली तरी तेच. वादळात बोट बुडाली तर चारचौघांत सांगता तरी येतं.

आलेल्या मार्गाने ऐवज परतू नये म्हणून बदकाच्या चोचीसारखी एक रबरी झडप असते. तिचं नाव जोकर व्हॉल्व्ह. खरंच. रबर कडक झालं की चोच मिटत नाही, आणि ज्याला निरोप दिला तो पुन्हा भेटायला येतो. मी ती वर्षाला बदलतो, कुरकुरत.

लघवी आणि खारं पाणी एकत्र आलं की नळीत चुनखडीसारखा थर धरतो. वाट करंगळीएवढी उरते. आठवड्याला कपभर व्हिनेगर ओतून रात्रभर ठेवावं. आळस केला तर नळी सोडवून धुण्यासारखी धक्क्यावर आपटायची, तोंड घट्ट मिटून. सोडवण्याआधी तोटी बंद करावी. हे विसरणाऱ्यांसाठीच तिच्याशेजारी लाकडी बूच बांधलेलं असतं.

आणि बोट कलून पाणी घेणारं भोक वर आलं, की पंप नुसती हवा ओढतो. मग आतून हाक द्यावी लागते, "कप्तान, दोन मिनिटं बोट सरळ करा!" शिडं सैल सुटतात. डेकवरचे सगळे गंभीरपणे क्षितिजाकडे बघतात आणि मनातल्या मनात दट्टे मोजतात.