दोनशे भागिले दोन पॉइंट आठ

फोटोग्राफीच्या छंदात एक टप्पा असा येतो की माणसाला स्वतःचेच फोटो आवडेनासे होतात. यावर दोन उपाय आहेत: फोटो काढायला शिकणं, नाहीतर नवी लेन्स घेणं. शिकायला वेळ लागतो. लेन्स निवडायला त्याहून जास्त लागतो, पण निवडताना आपण काहीतरी करतोय असं वाटत राहतं.

माझं कारण तर सबळ होतं. पुतणी बॅडमिंटन खेळते. सामने बंदिस्त हॉलमध्ये, फ्लॅशला मनाई, आणि उजेड इतका बेताचा की खेळणाऱ्यांना शटल दिसतं हेच नवल. स्मॅश मारणारा हात जागच्या जागी थिजवायचा तर शटरचा वेग सेकंदाच्या १/१००० च्या खाली आणून चालत नाही. माझी जुनी झूम लांबच्या टोकाला एफ ५.६ पर्यंतच उघडते (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते). मग आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, २५,६०० वर जातो, चित्रात दाणे उमटतात आणि फोटोत पुतणीला गोवर आल्यासारखं दिसतं. एफ ४ ची लेन्स घेतली तर तेच काम १२,८०० वर होतं, एफ २.८ घेतली तर ६,४०० वर. दर पायरीला प्रकाश दुप्पट. हिशेब इतका स्वच्छ होता की निर्णयाला एक संध्याकाळ पुरेल असं मी घरात जाहीर करून टाकलं.

हिशेबाचा पुढचा भाग बायकोने केला. एफ २.८ म्हणजे काय, असं तिने विचारलं. फोकल लेंग्थला (ती जितकी जास्त, तितकं लांबचं जवळ दिसतं) त्या आकड्याने भागलं की लेन्सचं भोक समोरून किती रुंद दिसतं ते कळतं, असं मी उत्साहाने सांगितलं. माझ्या डोक्यात ७० ते २०० मिलिमीटरची झूम होती. तिने मोबाइलवर २०० भागिले २.८ केलं.

"एकाहत्तर मिलिमीटर. म्हणजे पुढची काच निदान एवढी तरी असणार." तिने बोटांनी अंतर दाखवलं. "आणि अशा किती काचा असतात आत?"

"कुणात सतरा, कुणात तेवीस. सगळ्या एवढ्या मोठ्या नसतात."

"आणि ते धरणार कोण?"

या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच माहितीपत्रकात नसतं. दुसऱ्या दिवशी तिने दीड लिटरची पाण्याची बाटली भरून माझ्या हातात दिली आणि टीव्हीवर सामना लावला. "ही डोळ्यासमोर धर. एक गेम संपेपर्यंत." सोनीची २०१६ सालची ७०-२०० एफ २.८ भरते १,४८० ग्रॅम, म्हणजे बाटली वीस ग्रॅमने जड आहे, हे मी तिच्या नजरेस आणून दिलं. "कॅमेरा धरलास का त्यात?" असं तिने विचारल्यावर मी वीस ग्रॅमचा मुद्दा मागे घेतला. एका खेळाडूचे अकरा गुण झाले की दोघांनाही मिनिटभराची विश्रांती मिळते. तेव्हा मीही बाटली खाली ठेवली. त्यानंतर ती वर गेली ती पाणी पिण्यासाठी.

तिथून माझा अभ्यास ग्रॅममध्ये सुरू झाला. निकॉनने १९८२ मध्ये ८०-२०० एफ २.८ बाजारात आणली होती. वजन जवळपास एक किलो नऊशे ग्रॅम, पुढे लावायचा फिल्टर ९५ मिलिमीटरचा आणि फोकस हाताने फिरवायचा. ती गळ्यात घालून मैदानावर उभ्या राहिलेल्या माणसांबद्दल मला आदर वाटतो. त्यांच्या मानेबद्दल जास्त. कॅननने २०१९ मध्ये आरएफ माउंटची, म्हणजे नव्या कॅमेऱ्यांना बसणारी, ७०-२०० काढली ती १,०७० ग्रॅमची. झूम करताना नळी बाहेर येते, त्यामुळे मिटल्यावर ती आखूड होते. मात्र तिच्यामागे टेलिकन्व्हर्टर, म्हणजे फोकल लेंग्थ वाढवणारा जोड, बसत नाही. सोनीने २०२१ च्या दुसऱ्या आवृत्तीत वजन १,०४५ ग्रॅमवर आणलं. पाच वर्षांत ४३५ ग्रॅम उतरवले! त्याच पाच वर्षांत माझ्या वजनाचं काय झालं, हा विषय इथे अप्रस्तुत आहे.

एव्हाना मी परीक्षणं बघायला लागलो होतो. लेन्सचं परीक्षण करणारी माणसं विटांच्या भिंतीचे फोटो काढतात. आधी मधली वीट बघायची, मग चारही कोपऱ्यांतल्या विटा, एफ २.८ वर, मग ४ वर, मग ५.६ वर. रात्री एक वाजता मी स्क्रीनला नाक लावून खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या विटेचा चुना धूसर झालाय का ते बघत असे. पुतणी कधी भिंतीच्या कोपऱ्यात उभी राहून खेळणार नाही, हे माहीत असूनही. लेन्स किती रेखीव चित्र देते ते दाखवणारे एमटीएफचे आलेख तर आणखी गहन. जाड रेषा मिलिमीटरला दहा ओळींची, बारीक रेषा तीस ओळींची, त्यांत पुन्हा सलग आणि तुटक. हे आलेख काही कंपन्या प्रत्यक्ष लेन्स मोजून देतात, काही नुसत्या गणिताने काढतात, आणि मी दोन्ही प्रकार सारख्याच गांभीर्याने बघून मान हलवत होतो.

अशा नाजूक वेळी मेहुणा आला. त्याच्याकडे सोनीचीच ७०-२०० एफ ४ आहे, पण कॅमेऱ्यातला चित्र टिपणारा सेन्सर लहान.

"भावोजी, कशाला एवढा खटाटोप? माझी तर तीनशेपर्यंत जाते."

ती जात नाही. दोनशेचीच राहते, लहान सेन्सरमुळे चित्राच्या कडा कापल्या जातात आणि दीडपट जवळ आल्यासारखं वाटतं. कुणी रुमाल कापून रुमालावरचं फूल मोठं झालं म्हणत नाही. मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पण दिसतं तर तीनशे ना?" यावर भौतिकशास्त्रात उत्तर नाही.

मग त्याने आपला हुकमी मुद्दा काढला: एफ ४ हलकी. त्याची लेन्स ८४० ग्रॅम. तेव्हा मी टॅमरॉनची ७०-१८० एफ २.८ पुढे केली. २०२३ ची दुसरी आवृत्ती, कंपन थोपवण्याची सोय आतच, वजन ८५५ ग्रॅम. "पंधरा ग्रॅम जास्त आणि प्रकाश दुप्पट," मी म्हणालो. तो गप्प झाला. फार काळ नाही. "पण १८०च की हो. वीस मिलिमीटर गेले."

त्या वीस मिलिमीटरनी माझी झोप घेतली. १८० भागिले २.८ केलं की ६४ येतात. फिल्टर ६७ चा पुरतो, काच लहान होते, वजन उतरतं. फुकट काहीच मिळालेलं नाही, वीस मिलिमीटर देऊन विकत घेतलंय. अशा वेळी जाणकार सांगतात, दोन पावलं पुढे जा. दोन पावलं पुढे गेलो तर मी पंचांच्या खुर्चीखाली असेन.

टेलिकन्व्हर्टरचाही विचार झाला. दुपटीचा लावला की २०० चे ४०० होतात, आणि एफ २.८ चे एफ ५.६. म्हणजे ज्या ५.६ पासून पळ काढण्यासाठी हा सगळा घाट, तिथेच जास्त वजन घेऊन परत यायचं. तसा टॅमरॉनमागे सोनीचा टेलिकन्व्हर्टर बसतच नाही. तिची ही उणीव मला गुण वाटायला लागली, तेव्हा निर्णय जवळ आलाय हे ओळखलं.

मध्ये वापरलेल्या लेन्सही पाहिल्या. "आत किंचित धूळ, फोटोवर परिणाम नाही" असं लिहिलेल्या एका लेन्समधून टॉर्चचा उजेड टाकला तर बुरशीची नक्षी इतकी रेखीव होती की तिचाच फोटो काढावासा वाटला. तो रस्ता तिथेच सोडला.

शेवटी दुकानात जाऊन सगळ्या हातात घेतल्या. पांढरट लेन्स उचलली की आजूबाजूचे लोक आपोआप बाजूला होतात, हा अनुभव मोहात पाडणारा आहे. कॅननने आपल्या मोठ्या लेन्स पांढऱ्या केल्या त्या उन्हात तापू नयेत म्हणून, पण गर्दीत वाट मिळते हा फायदा माहितीपत्रकात लिहायला हरकत नव्हती. बायको सोबत होती. तिने दोन्ही हातांत एकेक लेन्स घेतली, जड होती ती परत ठेवली आणि काळ्या टॅमरॉनकडे मान वळवून विक्रेत्याला म्हणाली, "ही द्या." विटांना तिने विचारलंही नाही.

पहिल्याच सामन्याला गेलो. १/१०००, एफ २.८, आयएसओ ६,४००. गोवर गायब, मागची गर्दी धूसर. घरी येऊन फोटो मोठा करून पाहिला. उडी मारून स्मॅश घेणारी पुतणी, रॅकेट पुढे आलेली, आणि रॅकेटची तार न् तार मोजता येईल इतकी लख्ख. पुतणी स्वतः मात्र धूसर. नऊ-दहा मीटरवर १८० ला एफ २.८ उघडलं की जेमतेम अर्धा मीटर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो, आणि कॅमेऱ्याने तो पट्टा रॅकेटला देऊन टाकला होता.

"एफ ४ ने पट्टा रुंद मिळाला असता, भावोजी," मेहुणा म्हणाला.

"२.८ ची ४ करता येते. ४ ची २.८ करून दाखव," मी म्हणालो.

हा वाद चांगला तासभर रंगला. तेवढ्यात पुतणीने तो फोटो माझ्या मोबाइलवरून स्वतःला पाठवून प्रोफाइलला लावलाही होता. रॅकेट नवीन होती.