फोटो नको, ऑर्डर द्या

दिवाळीच्या तोंडावर ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दरवर्षी एक तरी वाद रंगतो. गेल्या खेपेला तो उटण्यावरून रंगला. शहापूर तालुक्यातल्या एका महिला बचत गटाने घोडबंदर रोडवरच्या या सोसायटीकडे गेटपाशी दोन दिवस टेबल लावायची परवानगी मागितली होती. उटणं, हाताने केलेले साबण, खोबरेल तेल असा माल. लगेच दोन तट पडले. एक बाजू म्हणे, नौपाड्यात हेच उटणं निम्म्या भावात मिळतं, मग इथे जास्त पैसे का मोजायचे? दुसरी बाजू म्हणे, बायका कष्टाने करतात, हातभार लावा, आणि सगळं नैसर्गिक आहे, केमिकल नाही. शेवटी कमिटीने एका दिवसावर तडजोड केली, काही उत्साही मंडळींनी गटातल्या बायकांसोबत फोटो काढले आणि विषय मिटला.

मी हे सगळं न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडला बसून वाचत होते. आई-बाबा अजून त्याच सोसायटीत राहतात, मेंटेनन्स मी इथून भरते, त्यामुळे मत द्यायचा हक्क आहे असं धरून चालते. माझं मत असं, की स्वस्त की महाग हा वाद घेणाऱ्याच्या खिशाचा आहे आणि नैसर्गिक की केमिकल हा त्याच्या कातडीचा. करणारीच्या घरात पैसा किती येतो, कधी येतो, पुन्हा येणार की नाही, हे त्या मेसेजांच्या ढिगात कुणीच विचारलं नाही.

इथे दक्षिण ऑकलंडमध्ये ओटारा नावाचं उपनगर आहे. शनिवारी सकाळी तिथे बाजार भरतो. सामोअन, टोंगन, कुक आयलंड्सचे लोक. अळूचे मांडीएवढे कंद, विणलेल्या चटया, फुलांचे हार. कुठेतरी कोपऱ्यात खोबरेल तेलाच्या बाटल्या, त्याही बहुतेक शीतपेयांच्या, धुऊन पुन्हा वापरलेल्या. जुलैत इथे हिवाळा असतो आणि तेल थिजून पांढरं पडतं. एक सामोअन आजी विक्रीची एक बाटली शालीखाली काखेत धरून बसते. गिऱ्हाईक आलं की तेवढी पातळ झालेली असते; मग झाकण उघडून दोन थेंब गिऱ्हाइकाच्या मनगटावर टाकते आणि स्वतःच्या अंगठ्याने चोळते. वास मोसोओईच्या फुलांचा, म्हणजे इलांग-इलांगचा. तेल सामोआतल्या सवाई बेटावर राहणाऱ्या तिच्या भावजयीकडून येतं. शहराच्या मध्यवस्तीत असंच तेल दुधी काचेच्या बाटलीत, पुठ्ठ्यावर नारळ सोलणाऱ्या हातांचं चित्र छापून, चौपट-पाचपट भावाला मिळतं. आम्ही परदेशस्थ मराठी मंडळी ते कौतुकाने घेतो, आणि सुट्टीत ठाण्याला गेलो की गावदेवी मैदानाच्या प्रदर्शनात वीस रुपयांसाठी घासाघीस करतो.

सामोआ या पॅसिफिकमधल्या बेटांच्या देशाची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. १९९० मध्ये ओफा आणि १९९१ मध्ये व्हॅल अशी दोन मोठी चक्रीवादळं या देशावर आली. त्यातून सावरतात तोच १९९३ मध्ये अळूच्या पानांवर करपा पडला. अळू हे त्यांचं रोजचं अन्न आणि निर्यातीचं मुख्य पीक. ती निर्यात जवळजवळ बसलीच. उरले नारळ. पण नारळातून पैसा कसा यायचा? खोबरं सुकवायचं, पोती भरून व्यापाऱ्याला द्यायची, तेल निघणार दूर कुठल्यातरी गिरणीत. भाव जागतिक बाजार ठरवणार. धुरावर सुकवलेल्या, कधी बुरशी आलेल्या खोबऱ्याचं तेल शुद्ध करावंच लागतं, म्हणजे गावाच्या हाती राहते फक्त हमाली.

याच काळात, १९९१ मध्ये, तिथे ‘विमेन इन बिझनेस डेव्हलपमेंट’ ही संस्था सुरू झाली. ऑस्ट्रेलियातले कृषी-अर्थतज्ज्ञ डॅन एदरिंग्टन यांनी गावात, झाडापाशीच तेल काढायची एक साधी पद्धत बसवली होती, ती या बेटांवर पोचली. ताजा नारळ फोडायचा, खवायचा, तो कीस सपाट तव्यावर करवंट्यांच्या जाळावर सुकवायचा, नळकांड्यात भरून लांब दांड्याच्या हातप्रेसने दाबायचा. नारळ फोडल्यापासून तासाभरात तेल. चोथा डुकरांना. यात चमत्कार काही नाही; आपल्याकडच्या कुठल्याही तेल्याला हे पाच मिनिटांत समजेल. फरक एवढाच, की प्रेस गावात आला, त्यामुळे तेलाचे पैसेही गावात आले. आणि त्याहून महत्त्वाचं, संस्थेने आधी गिऱ्हाईक शोधलं. बॉडी शॉपसारख्या सौंदर्यप्रसाधनांच्या मोठ्या कंपनीने सामोआचं सेंद्रिय तेल घ्यायला सुरुवात केली, तेव्हा घराघरांतून नारळ नियमित फुटू लागले. संस्थेने शिवणकाम शिकवलं असतं आणि वर्षातून एकदा मेळावा भरवला असता, तर अहवालात फोटो चांगले आले असते.

मात्र एकाच गिऱ्हाइकावर विसंबणं किती धोक्याचं, तेही याच गोष्टीत दिसतं. बॉडी शॉप १९७६ मध्ये अनिता रॉडिक यांनी ब्रायटनमध्ये काढली. २००६ मध्ये ती लोरेआलकडे गेली, २०१७ मध्ये ब्राझीलच्या नातुराकडे, २०२३ च्या अखेरीस एका गुंतवणूक कंपनीकडे. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिची ब्रिटनमधली कंपनी दिवाळखोरीच्या प्रशासकांच्या ताब्यात गेली. इंग्लंडमधली दुकानं बंद होणार का, नोकऱ्या किती जाणार, याच्या बातम्या आल्या. हजारो मैलांवरच्या बेटावर प्रेससमोर बसलेल्या बाईने त्या सौद्यांतल्या एकावरही सही केलेली नव्हती, तरी तिच्या पुढच्या महिन्याच्या पैशाचा निकाल त्यातच लागणार होता. म्हणून मी म्हणते, ऑर्डर हवी, आणि ती चार ठिकाणांहून हवी.

फ्रेंच पॉलिनेशियाने वेगळी वाट धरली. ताहितीचा मोनोई, म्हणजे तिआरेची फुलं मुरवलेलं खोबरेल, याला १९९२ मध्ये फ्रान्सच्या कायद्याने उगमस्थानाचं संरक्षण मिळालं. नियम कडक आणि मोजता येण्याजोगे आहेत: नारळ तिथल्याच प्रवाळी जमिनीवरचा, फुलं उमलायच्या आत खुडलेली, लिटरभर तेलाला किमान १० फुलं, मुरवण किमान १० दिवस. हे पाळलं नाही तर ‘मोनोई द ताहिती’ म्हणता येत नाही. म्हणजे कितीही मोठ्या कंपनीला फूल तिथल्याच बागेतून घ्यावं लागतं.

आपल्याकडे जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्रादा या इटालियन फॅशन कंपनीने कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली, तेव्हा सगळा महाराष्ट्र खवळला. राग रास्त होता. कोल्हापुरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात येतात. पण त्या आठवड्यात माझ्या फोनवर आलेल्या संतापाच्या पोस्टी आमच्या संस्कृतीच्या चोरीबद्दल होत्या. चपलेच्या एका जोडामागे कारागिराला किती पडतात, चामडं कुठून आणि कोणत्या भावाने येतं, हे विचारणारी पोस्ट शोधावी लागत होती. अस्मितेचा मुद्दा निघाला की आपण हिशेबाची वही मिटतो, ही आपली जुनी खोड आहे.

आता ‘नैसर्गिक’बद्दल. ओटाराच्या आजीच्या तेलात जी फुलं मुरतात, त्यांच्या अर्काचा मोठा पुरवठा आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या कोमोरोस बेटांवरून होतो. १९२१ मध्ये आलेल्या शनेल नंबर ५ या अत्तरातही इलांग-इलांग आहे. बायका भल्या पहाटे फुलं खुडतात आणि मग अर्क काढायला भट्टी तासन् तास पेटती ठेवावी लागते, लाकडावर. छोट्याशा बेटावर एवढं लाकूड येणार कुठून? कोमोरोसमधल्या अंजुआन बेटाचे डोंगर बोडके व्हायला शेती आणि चुलीबरोबर या भट्ट्याही कारणीभूत आहेत. वर हा अर्क काहींच्या त्वचेला चांगलाच झोंबतो. तेव्हा फुलापासून केलंय म्हणून ते निरुपद्रवी, असं ग्रुपवरच्या काकूंना वाटतं तसं नसतं. त्वचेलाही नाही आणि बेटालाही नाही.

आणखी एक गोष्ट इथे राहून दिसते, ती लेबलवर कधी छापत नाहीत. आजीची मुलगी हंगामात किवीच्या पॅकहाउसमध्ये कामाला जाते. न्यूझीलंडने २००७ पासून पॅसिफिक बेटांवरच्या लोकांना बागांच्या हंगामी कामासाठी बोलवायला सुरुवात केली, आणि टोंगासारख्या देशात बाहेरून येणारा पैसा राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४० टक्क्यांच्या आसपास जातो. तेलाच्या बाटलीने ही माणसं गावी थांबतील असं समजणं भाबडेपणाचं आहे. कोकण किती वर्षं मुंबईच्या मनीऑर्डरवर चाललं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. तेलाने होतं ते इतकंच, की जी मागे राहते तिच्या हातात स्वतःचे पैसे असतात. मला तेवढं पुरेसं वाटतं.

ठाण्याकडे वळते. (बेटांबद्दल बोलताना हेही सांगून टाकते, की जुनं ठाणं साष्टी बेटावरच वसलेलं आहे, खाडीवरचे पूल इतके झाले की ते कुणाच्या लक्षातही राहत नाही.) बचत गटाच्या बायकांची अडचण कष्टाची नाही. उटण्याला आंबेहळद, कचोरा, नागरमोथा, वाळा, गुलाबाच्या पाकळ्या लागतात. हा माल श्रावणाच्या आसपास घ्यावा लागतो, वाळवावा, दळावा, चाळावा लागतो. पैसे हातात येतात दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, तेही टेबल मिळालं तर. मधले तीन महिने कर्जाचे. शिवाय विकायचे म्हणून साबण किंवा सौंदर्यप्रसाधनं करायची तर परवाना लागतो, आणि परवान्यासाठी जागा, तपासणी, कागदपत्रं. ‘केमिकल नाही ना?’ असं विचारण्यापेक्षा ‘परवाना आहे का, नसेल तर काय अडलंय?’ असं विचारलं असतं तर संभाषण पुढे गेलं असतं.

राज्य सरकारच्या ‘उमेद’ अभियानाचं महालक्ष्मी सरस प्रदर्शन भरतं, बेलापूरच्या अर्बन हाटमध्ये प्रदर्शनं लागतात, तिथे गर्दीही होते. वाईट काही नाही त्यात. पण प्रदर्शनाची कमाई म्हणजे एकदाची कमाई. ‘लाडकी बहीण’चे १५०० रुपये २०२४ मध्ये सुरू झाले तेव्हा त्यावर केवढा गदारोळ झाला: रेवडी की हक्क? त्या वादात मी पडत नाही. पण त्या रकमेचं बायकांना एवढं अप्रूप का, तर ती दर महिन्याला येणं अपेक्षित असतं. बाजारानेही त्यांना तसंच वागवावं.

म्हणून मी कमिटीला लिहिलं: टेबलाचं राहू द्या. सोसायटीने आषाढातच उटण्याची ऑर्डर नक्की करावी, घरटी दोन पाकिटं, निम्मे पैसे आगाऊ. साबण दर तिमाहीला. माल वाईट निघाला तर पुढच्या वेळी दुसरा गट. उपकार म्हणून नाही, रीतसर बिल घेऊन. खजिनदार काकांचं उत्तर आलं, की हे बायलॉजमध्ये बसत नाही आणि ऑडिटर हरकत घेईल. गरब्याच्या साउंड सिस्टिमचा आगाऊ कोणत्या कलमाखाली जातो हे मी त्यांना विचारलं आहे.

शेवटी उंडीबद्दल. इकडे ऑकलंडच्या ब्यूटी पार्लरमध्ये तमानूचं तेल म्हणून हिरवट, दाट तेलाची बोटभर बाटली तीस-चाळीस डॉलरला विकतात. फिजीत त्यालाच दिलो म्हणतात, जखमेवर आणि भाजल्यावर लावायची तिथे जुनी रीत आहे. हे झाड म्हणजे आपली उंडी. कोकण किनाऱ्यावर ती वाळूत उभी असते, पूर्वी तिचं तेल दिव्याला आणि दुखऱ्या सांध्यांना वापरायचे. ताज्या बीमध्ये तेल फारसं नसतंच. ती दीड-दोन महिने वाळवावी लागते, मग पांढरा गर तांबूस-तपकिरी होतो आणि बोटाला तेल लागतं. एवढं थांबणं कुणाला परवडेल? वाशीच्या मसाला मार्केटात खोबऱ्याचा, हळकुंडाचा भाव रोज निघतो. उंडीच्या बीला असा भाव मी कधी ऐकलेला नाही. नवी मुंबईतल्या एखाद्या उद्योजकाने वेंगुर्ल्यापासून श्रीवर्धनपर्यंत वाळलेल्या बीचा किलोचा भाव हंगामाआधी जाहीर केला, थोडे पैसे आधी दिले आणि तो भाव तीन वर्षं पाळला, तर बिया गोळा करायला माणसं मिळतील. ब्रँडचं नाव काय ठेवायचं आणि लेबलवर समुद्र काढायचा की झाड, हे नंतर सावकाश ठरवता येईल.