पोट्टा आहे, चालायचंच

पोट्टा बिघडू नये असं वाटतं ना? मग सुरुवात घरापासून करा. रविवारी तर्री-पोहे झाले की त्यालाच पानठेल्यावर पाठवा. खर्ऱ्यात कोणत्या नंबरचा तंबाखू टाकायचा, हे त्याच्याकडून पाठ करून घ्या. गणितात कच्चा असला तरी हे आकडे तो विसरत नाही. ठेलेवाला पन्नीत सुपारी, चुना, तंबाखू घोटेल, लेकरू शेजारी उभं राहून बघेल. फुकटचं शिक्षण. अठराच्या आतल्याला तंबाखू दिला तर बाल न्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत कैद आहे, पण तुमचा पोट्टा थोडाच गिऱ्हाईक आहे? तो निरोप्या.

मुलीची काळजी तर नकोच. २०१९ च्या देशव्यापी शालेय पाहणीत १३ ते १५ वयाची ९.६ टक्के मुलं तंबाखू वापरणारी निघाली आणि ७.४ टक्के मुली. त्या साऱ्या दुसऱ्यांच्या. तुमची दोन महिने दार लावून बसते, ताटाला हात लावत नाही, ते डाएट. दप्तरात बडीशेप सापडली तर पचनासाठी.

पोट्ट्याच्या डोळ्यात पाणी दिसलं तर लगेच म्हणा, "काहून बे, पोरीसारखा रडून राहिला?" एकदा म्हटलं की पुरतं. त्यानंतर तो घरात रडत नाही. रात्री नागपूरच्या फुटाळा तलावावर मित्रांच्या घोळक्यात बसतो. तिथे धुराने डोळे भरून आले तर कोणी कारण विचारत नाही. (आईला कळलं तर 'संगत वाईट' म्हणायचं. संगत नेहमी शेजारच्यांच्या पोराची असते.) आणि त्याने सांगितलं, की मला आतून मुलगा वाटतच नाही, तर एक सत्यनारायण आणि उन्हाळाभर मामाकडे अमरावती.

तरीही ऐकेना, तर "पागलखान्यात टाकू का?" ही धमकी आहेच. इथलं मनोरुग्णालय १८६४ पासून आहे, म्हणजे धमकीही घराण्यात चालत आलेली. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फुकट नंबर तेवढा पाठ होऊ देऊ नका. मराठीत बोलतात तिथे, पोट्टा खरंच बोलून बसायचा.

स्वतःच त्याच्याशी बोलावं म्हणता? बोला की. पण त्यासाठी तोंडातला खर्रा थुंकावा लागेल, आणि तो तर आत्ताच टाकला.