फाईलला काय लावू?

2025 च्या मध्यावर लाडकी बहीण योजनेतल्या सुमारे 26 लाख लाभार्थींचे पैसे थांबवले गेले, तेव्हा इथे एस्टोनियाच्या राजधानीत, टालिनमध्ये बसून मी मराठी वाहिन्यांवरचा गदारोळ पाहत होतो. सगळ्या विभागांकडची माहिती ताडून पाहिल्यावर अपात्र नावं सापडली, असं सरकारचं म्हणणं. त्यात दोन हजारांहून अधिक सरकारी कर्मचारी महिलाही निघाल्या. चर्चा नेहमीच्या वळणाने गेली: कोणी लाटले, वसुली होणार का. मला खटकलं ते वेगळंच. ज्यांचा पगार सेवार्थ, शालार्थसारख्या शासनाच्याच प्रणालींतून दरमहा निघतो, त्या आपल्याच नोकरीत आहेत हे शासनाला पैसे वाटण्याआधी का कळू नये?

यावरचं ठरलेलं उत्तर म्हणजे कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्या. ते तर देतोच आहोत. एमएस-सीआयटी ही संगणकाची परीक्षा 2001 पासून आहे आणि ती नसेल तर वेतनवाढ अडकते. 2020 मध्ये मिशन कर्मयोगी हा केंद्राचा कर्मचारी प्रशिक्षणाचा कार्यक्रम आला. त्याच्या ऑक्टोबर 2024 च्या शिक्षण सप्ताहात तर प्रत्येकाने किमान चार तास शिकायचं ठरलं. (व्हिडिओ चालू ठेवून चहाला जाता येतं, हे मंत्रालयालाही ठाऊक असावं.)

माझे दाजी तहसील कार्यालयात अव्वल कारकून आहेत. संगणक त्यांना उत्तम येतो. डिजिलॉकरमधून आलेला दाखला नियमाने मूळ कागदाच्या तोडीचा, मग लोकांकडे झेरॉक्स का मागता, असं मी फोनवर विचारलं. म्हणाले, ‘‘अरे बाबा, स्क्रीनवर मला दिसतोय की. पण फाईलला काय लावू? उद्या ऑडिटचा आक्षेप निघाला तर खुलासा मीच द्यायचा.’’

गोम आहे ती इथे. एस्टोनियात 2001 पासून एक्स-रोड नावाची, सरकारी खाती जोडणारी डिजिटल वाट आहे. माहिती ज्या त्या खात्याकडेच राहते आणि दुसरं खातं या वाटेने ती विचारून घेतं. पण नुसत्या वाटेने काय होतं? तीच माहिती गोळा करायला दुसरी नोंदवही उघडायला इथल्या कायद्याने बंदी आहे. त्यामुळे कोणती नोंद कोणत्या खात्याची आणि ती कोणत्या अधिकारात पाहता येते, हे इथल्या कारकुनाला माहीत असावंच लागतं. दुसऱ्या खात्याची नोंद ग्राह्य धरली म्हणून त्याला खुलासा द्यावा लागत नाही. कारण नसताना डोकावलं तर मात्र द्यावा लागतो. माझी नोंद कोणी, कधी उघडली याची यादी मला सरकारी पोर्टलवर दिसते. हा पहारा नसता तर सगळी खाती एकमेकांना जोडलेली पाहून मला धडकीच भरली असती.

एस्टोनियाची लोकसंख्या नाशिक शहरापेक्षा कमी, तेव्हा तुलना कशाला, असं कोणी म्हणेल. खरं आहे, आणि इथेही सगळं सुरळीत नाही: 2017 मध्ये चिपमधल्या दोषामुळे साडेसात लाखांवर ओळखपत्रं धोक्यात आली होती. पण आपल्याकडे हे जमतच नाही, असंही नाही. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदवलं की त्याची सूचना ई-फेरफार या जमिनीच्या नोंदी बदलण्याच्या प्रणालीत तहसीलला ऑनलाइन जाते. ही सोय आपल्याच महसूल आणि नोंदणी खात्याच्या माणसांनी उभी केली. दोन खात्यांनी एकमेकांची नोंद मानायची ठरवली, म्हणून ती चालली.

मग दाजींना आणखी चार तासांचा अभ्यासक्रम कशाला? त्याआधी एक शासन निर्णय काढा: मूळ खात्याच्या प्रणालीतून थेट घेतलेली नोंद हाच पुरावा, अर्जदाराकडे तिची प्रत मागायची नाही आणि ती ग्राह्य धरल्याबद्दल कर्मचाऱ्यावर वैयक्तिक जबाबदारी नाही. प्रशिक्षण त्या निर्णयावर द्या, आणि पहिल्या तुकडीत ऑडिटवाल्यांना बसवा.