अंगदुखीवर उपाय म्हणून ‘कमी डोस द्या’ असा आग्रह धरू नका

सांगली-मिरजेत शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्या कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरतो आहे: शस्त्रक्रियेनंतर मान, खांदे, बरगड्या दुखल्या तर भूल जास्त झाली असे समजावे, डॉक्टरांना आधीच कमी डोस द्यायला सांगावे आणि निघताना घरूनच दुखण्याची गोळी घ्यावी. भूलतज्ज्ञ म्हणून मी एवढेच मान्य करतो की दुखणे खरे असते.

ते दुखणे झोप आणणाऱ्या औषधाचे नसते. श्वासनलिकेत नळी घालण्यासाठी स्नायू सैल करावे लागतात. त्यासाठी सक्सिनिलकोलीन, म्हणजे थिएटरमध्ये ज्याला ‘स्कोलिन’ म्हणतात ते औषध दिले, तर स्नायू आधी थरथरतात, मग मिनिटभरात ढिले पडतात, आणि ज्यांना ते अंगदुखी टाळण्याचा कोणताही उपाय न करता दिले जाते त्यांच्यापैकी सुमारे निम्म्या रुग्णांचे अंग दुसऱ्या दिवशी दुखते.

डोस कमी करण्याचा सल्ला तर उलटाच आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५२ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात वजनाच्या दर किलोमागे १ मिलिग्रॅमपेक्षा १.५ मिलिग्रॅम स्कोलिन मिळालेल्यांना ही अंगदुखी कमी झाल्याचे दिसले. थरथर किती झाली यावरूनही दुखण्याचा अंदाज बांधता येत नाही. थरथर रोखण्यासाठी दुसऱ्या शिथिलकाचा (स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा) लहान डोस आधी देण्याची जुनी पद्धत आहे, पण त्याने जाग्या रुग्णाला एकाची दोन दिसू लागतात, गिळायला आणि श्वास घ्यायलाही त्रास होऊ शकतो.

गोळीच्या बाबतीत संदेश चुकून अर्धा बरोबर ठरला आहे, कारण डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामकांनी ही अंगदुखी खरोखरच कमी होते. शिरेतून दिलेल्या लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधानेही होते. मात्र पोटातला अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, दमा किंवा रक्तस्रावाची भीती असेल तर तीच गोळी घातक ठरू शकते, म्हणून ती घरून घेऊ नये. हे आजार भूलतज्ज्ञाला सांगावेत आणि निर्णय त्याच्यावर सोडावा.

स्कोलिनऐवजी रोक्युरोनियम हे दुसरे शिथिलक वापरणे हा ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत सरळ मार्ग आहे. पण पोटभर जेवलेला अपघातग्रस्त तातडीने टेबलावर आला, की पोटातले अन्न फुप्फुसात जाण्याआधी नळी बसवायची असते, आणि तिथे लवकर चढून लवकर उतरणारे स्कोलिन अनेकदा निवडावे लागते.

त्याच दिवशी घरी सोडलेल्या, लवकर हिंडू-फिरू लागलेल्या रुग्णांत हा त्रास अधिक आढळतो, तेव्हा संध्याकाळच्या एसटीने जतला परतणाऱ्यांना याची कल्पना आधीच द्यावी. दुखणे बहुधा दोन-तीन दिवसांत ओसरते. पण लघवी काळ्या चहासारखी होऊ लागली, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.