‘अ’ तुकडीत कोण बसते?

जूनमध्ये शाळा उघडल्या की आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या अनेक माध्यमिक शाळांत तुकड्यांची यादी लागते. मागच्या वार्षिक परीक्षेचे गुण उतरत्या क्रमाने लावायचे, वरची मुले ‘अ’ तुकडीत, म्हणजे बहुधा सेमी-इंग्रजीला, घ्यायची आणि उरलेली ‘ड’पर्यंत वाटून टाकायची, ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की पालकही तिला हरकत घेत नाहीत. मुलांचे गट पाडावेत की नाही, हा माझा वाद नाही. एकदा पाडलेला गट दहावीपर्यंत मोडत नाही आणि शाळेजवळ जे चांगले आहे ते वरच्या तुकडीकडे जाते, याला माझा आक्षेप आहे.

मुळात त्या गुणांत काय मोजले जाते? घरी अहिराणी बोलणारे मूल, किंवा धडगाव-अक्कलकुव्याकडून आलेले, भिली वा पावरी बोलणारे मूल पुस्तकी मराठीशी झगडत असते, तेव्हा त्याचे गणितही कच्चे ठरते, कारण उदाहरणाची भाषाच त्याला अडते. दिवाळीच्या सुमारास आईवडिलांसोबत ऊसतोडीला गेलेल्या मुलाचे तर बहुतेक दुसरे सत्रच फडावर जाते. अशा मुलांच्या शेजारी शिकवणी लावलेला शिक्षकाचा किंवा व्यापाऱ्याचा मुलगा ठेवून जी यादी तयार होते, तिला आपण गुणवत्ता यादी म्हणतो.

पुढचा भाग मला अधिक खटकतो. गणिताचे अनुभवी सर ‘अ’ला, नव्याने लागलेले किंवा तासिका तत्त्वावरचे शिक्षक ‘ड’ला, ही वाटणी कुठे लिहिलेली नसते, पण पुष्कळ ठिकाणी तीच चालते. आठवीत परीक्षा देऊन मिळणारी एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या मुलांसाठीच आहे, नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. तरीही तिचे जादा तास मुख्यतः ‘अ’ तुकडीचेच होतात! ज्याच्यासाठी परीक्षा काढली, तो मुलगा शेजारच्या वर्गात ऑफ तासाला गोंगाट करत बसलेला असतो.

साठ मुलांच्या वर्गात एकाला अपूर्णांक येतात आणि दुसऱ्याला हातच्याची वजाबाकीही जमत नाही, तेव्हा शिकवणाऱ्याची ओढाताण होते, हे मी नाकारत नाही. एस्थर डुफ्लो, पास्कलीन ड्युपा आणि मायकेल क्रेमर या अर्थतज्ज्ञांनी केनियातील प्राथमिक शाळांत केलेल्या, 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर गट पाडल्याने खालच्या गटातील मुलांचाही फायदा झालेला दिसला. पण तिथे कोणत्या गटाला कोणता शिक्षक द्यायचा, हे चिठ्ठीवर सोडले होते. आपल्याकडे ती चिठ्ठी कोण काढू देईल? ‘प्रथम’ या शिक्षणक्षेत्रातील स्वयंसेवी संस्थेच्या पद्धतीतही तिसरी ते पाचवीची मुले वाचनाच्या पातळीप्रमाणे बसतात, पण दिवसातला तास-दोन तास, आणि मूल वाचू लागले की वरच्या गटात जाते. बाकीचा दिवस सगळे आपापल्या वर्गात एकत्र असतात.

आपल्या शाळांनाही हे जमण्यासारखे आहे. तुकड्या मिसळून कराव्यात, भाषा आणि गणितासाठी रोज एक तास पातळीप्रमाणे द्यावा, दर दोन महिन्यांनी गट बदलावेत आणि शिक्षक तुकड्यांमध्ये फिरते ठेवावेत. संस्थाचालक पटसंख्येचे आणि निकालाचे कारण पुढे करतील, ‘अ’मधल्या मुलांचे पालकही नाराज होतील, तेच सभेला येतात आणि त्यांचाच आवाज ऐकला जातो. म्हणून बाकीच्या पालकांनी पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या सभेला जाऊन निदान दोन गोष्टी विचाराव्यात: गेल्या वर्षी ‘ड’मधून ‘अ’मध्ये किती मुले गेली, आणि ‘ड’ला गणित कोण शिकवते?